चार ओहमची भूक

डुलुथमध्ये जानेवारीत
दुपारी साडेचारलाच दिवस मिटतो.
उरल्या उजेडात मी दोन्ही पडदे
भिंतीपासून चार फूट पुढे ओढले.
पडदेच म्हणायचे: माणसाएवढे उंच, दोन बोटं जाड,
आत कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिल्म,
तिच्यावर तारा, मागे चुंबकांच्या रांगा.
खोकं नाही, पोट नाही,
आवाज पुढे जातो तसा मागेही.
कुत्रं मागून हुंगून आलं आणि बुचकळ्यात पडलं.

एका दातांच्या डॉक्टरचं घरसामान विकायला निघालं होतं,
त्यात मिळाले, साडेतीनशे डॉलरला जोडी.
"पण यांना खायला काय घालणार?"
मार्लिस हाउटालानं विचारलं, झाळण्याचं काम न थांबवता.
"चार ओहमची भूक आहे ही, ऑरिन.
खातात बकासुरासारखं, बोलतात हळू."

म्हटलं, मेहुण्याचा आहे एक, ट्यूबचा.
नारिंगी दिवे, शेकोटीजवळ बसल्यासारखं.
व्हायोलिन एकटं होतं तोवर मधाळ.
मग सगळा वाद्यवृंद उठला,
आणि तो जिन्यात दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा
कठडा धरून उभा.

दुसरा मिनियापोलिसहून मागवला.
समोर निळा दिवा, कागदावर दोनशे वॉट,
वजन मांजराएवढं.
पहिला नगारा वाजला आणि
खट्.
आतल्या रिलेनं हात वर केले.
पुन्हा लावला. पुन्हा खट्.
बडा घर, पोकळ वासा.

एकतीस वर्षं टग चालवला मी या बंदरात,
बर्फात रुतलेली लोहखनिजाची जहाजं ओढली.
मला तरी हे आधी कळायला हवं होतं.
मोकळ्या पाण्यात कुठलंही इंजिन ऐट करतं.
दोर ताणला जातो,
मागचं हजार फुटांचं जहाज तसूभर हलत नाही,
तेव्हा पंखा किती पाणी लोटतो,
तेवढंच त्याचं खरं बळ.
बाकी रंगरंगोटी.

मार्लिसनं पावाच्या पिशवीवर आकडे लिहिले.
आठ ओहमला शंभर. चारला?
"दुप्पट देतो का ते बघ.
जो देतो, त्याच्या मागे गोदाम असतं.
जो देत नाही, त्याचं नुसतं दुकान."

तिसरा तिच्या बाकाखालीच होता,
त्यावर तिचे बूट वाळत होते.
एका मीटरचा काटा मोडलेला, एक मूठ गायब,
त्रेचाळीस किलो, त्यात निम्मा ट्रान्सफॉर्मर.
"किती?"
"सातशे."
नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो,
आणि दोन दिवस तिकडे फिरकलो नाही.
तिसऱ्या दिवशी तिचाच फोन:
"माझ्या भावाची होडी ओढून आणली होतीस तू
त्या नोव्हेंबरात. सहाशे दे.
आणि घसरगाडी घेऊन ये, पाठ मोडून घेऊ नकोस."

मासेमारीच्या घसरगाडीवर घालून,
दोघांनी तो टेकडीवरून उतरवला,
ती पुढे, मी मागून दोर धरून.
बटण दाबलं तसा स्वयंपाकघरातला दिवा
क्षणभर मान खाली घालून पुन्हा सरळ झाला.

मला वाटलं होतं, आता गरजेल.
चेलोची तबकडी लावली, आवाज निम्म्याच्याही खाली,
आणि त्यानं काहीच दाखवलं नाही.
धक्क्याला लागलेल्या टगसारखा
इंजिन चालू, दोर सैल.
कमानीचे केस तारेवर टेकले, ते ऐकू आलं.
वाजवणाऱ्याची खुर्ची कुरकुरली.
सूर धरण्याआधी त्यानं नाकातून श्वास घेतला,
आणि कुत्र्यानं दाराकडे पाहिलं,
कुणी आलं की काय.

मार्लिस ओल्या मोज्यांत, पाय पोटाशी घेऊन बसली होती.
बाजू संपली तरी आम्ही उठलो नाही,
सुई मधोमध फिरत राहिली.

मग तिनं आपले बूट उचलले,
अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलं.
"वर ठेवू? माझी वाळवायची जागा तू आणलीस."
"ठेव," मी म्हणालो,
"पण जाळी मोकळी सोड. त्यालाही श्वास लागतो."